‘ना’चं खोकं

खोकं आलं तेव्हा मे महिना होता.
इंदोऱ्याच्या विहारात कूलरच्या वाळ्यावर
कोणीतरी नुकतंच पाणी मारलं होतं.
आत बावीस कॅसेटी, जपानी रद्दीत गुंडाळलेल्या,
आणि प्रत्येकीच्या पाठीवर तेच एक अक्षर,
चार फटकाऱ्यांचं, शेवटी गाठ मारल्यासारखं.

उत्पला म्हणाली, काका, हे ‘ना’.
(धरमपेठेत जपानी शिकते ती, शनिवार-रविवार.)
सगळ्या गाण्यांची नावं ‘ना’नंच सुरू होतात.
नामिदा, म्हणजे अश्रू. नामी, म्हणजे लाट.
नात्सु, उन्हाळा.
ह्या गाण्याचं नाव नानिमो. काहीच नाही.

मी एकतीस वर्षं आर.एम.एस.ला सॉर्टिंग केलं,
बहुतेक रात्रपाळी. गाडी धडधडत गेली
की चहाच्या कपात वर्तुळं उठायची.
एक खण दिसला की शेजारचा कुठे असणार
ते मला न बघता कळतं.
म्हटलं, पोरी, हे एकटं नाही.
‘का’चं खोकं कुठंय? ‘सा’चं? ‘हा’चं?
उत्पलानं वहीत त्यांची ओळ मांडली:
आ का सा ता ना हा मा या रा वा.
आपलीच मुळाक्षरं, मधली घरं पाडून रस्ता केलेली.
‘ल’ नाहीच त्यांच्यात, म्हणाली. तिथे मी उतोपारा.

नऊ खोकी गहाळ.
मी रीतसर पत्र लिहिलं, उत्पलानं ते जपानीत केलं,
पाठवणाऱ्या हिसाए मोरिवाकी, वय कळवलेलं नाही.

तोवर टेपरेकॉर्डर मिळाला, मंगळवारी बाजारातला.
पट्टा ढिला होता, म्हणून सगळ्या गायिका
दिवसभराची भांडी घासून आल्यासारख्या गायच्या.
यमुनाबाई खोब्रागडे डाळ निवडत ऐकायच्या.
काय म्हणून राहिली थे?
आजी, ती बंदरावर उभी आहे. तो बोटीनं गेला.
गेला ना? मंग हे काहून उभी हाये?

पण ओळीच्या शेवटी येणारा ‘ना’
यमुनाबाईंनीच पहिल्यांदा पकडला.
हे तं आपलंच बोलून राहिली, म्हणाल्या.
उत्पला हसली. खरंच, आजी. दोन अर्थ होतात.
इकु ना: जाऊ नको.
अत्सुइ ना: गरम होतंय ना?
त्या दिवशी शेहेचाळीस होतं.
मी पंख्याकडे बघून म्हटलं, अत्सुइ ना.
पंखा वीज गेल्यामुळे उभाच होता.

अंबिया बहाराची संत्री हातगाड्यांवर आली
तेव्हा उत्तर आलं, पातळ कागदावर.
गहाळ काहीच नाही, मोरिवाकीबाईंनी लिहिलं होतं.
बंदरावर माझं गाण्यांचं दुकान होतं. ते बंद केलं.
एकेक अक्षर एकेका ठिकाणी दिलं.
‘का’ बहिणीला. ‘सा’ इस्पितळाला. ‘हा’ भंगारवाल्यानं हट्टानं नेलं.
‘ना’ तुमच्या गावाला.

मला वाटलं, नागपूरचा ‘ना’. सोपं आहे.
तीस वर्षं पत्त्याचं पहिलं अक्षर बघणारा माणूस
आणखी काय समजणार?

पुढची ओळ उत्पलानं दोनदा वाचली.
त्या एकदाच आल्या होत्या, दसऱ्याला, गर्दीत.
पाय सुजले होते. एका बाईनं
आपल्या डब्यातली भाकर मोडून अर्धी दिली,
वांग्याची भाजी, वर हिरवी मिरची.
नाव विचारायचं राहून गेलं.
आमच्याकडे, उत्पला म्हणाली, म्हणजे त्यांच्याकडे,
नावालाही ‘ना’च म्हणतात.

यमुनाबाईंच्या हातातलं सूप थांबलं.
मिरची कोणी देते काय परक्या माणसाले, म्हणाल्या,
आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या.
मी विचारलं, तुम्ही होता का?
त्या वर्षी लाखभर बायांनी भाकरी बांधून आणल्या होत्या, बावा.

मग उठून त्यांनी स्वतःच बटण दाबलं.
पट्टा घसरत घसरत आवाज सुरू झाला:
मात्सु ना.
वाट पाहू नको, उत्पला म्हणाली.
किंवा, वाट पाहतेस ना?
कोणतं गं, मी विचारलं.
म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागतं, काका.
टेपमध्ये तोंड नसतं.